नदी तपासायची म्हणजे नेमकं काय करायचं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रं पंचगंगेच्या काठची आहेत. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचं पाणी घेऊन ही नदी प्रयाग चिखलीपासून निघते आणि सुमारे ८० किलोमीटर वाहून नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. एवढ्याशा अंतरात मोठं शहर, साखर कारखाने, कापडाचं प्रोसेसिंग, काठालगतचा ऊस आणि एकामागून एक बंधारे आहेत. त्यामुळे नदीच्या आरोग्याबद्दलचा जवळजवळ प्रत्येक प्रश्न इथे भेटतो. उत्तरांतली उदाहरणं म्हणूनच इथली घेतली आहेत. गोदावरी, मुळा-मुठा किंवा वैनगंगेकाठच्या वाचकांनी जागांची नावं बदलून घ्यावीत, पद्धत तीच राहते.

प्रश्न : आमचं कोल्हापुरातल्या महाविद्यालयाचं निसर्गमंडळ आहे. पंचगंगेचं पाणी दर महिन्याला तपासायचं ठरवलं आहे. किती ठिकाणी आणि काय काय तपासावं?

उत्तर : काय तपासायचं याच्या आधी कुठे तपासायचं ते ठरवा. एक जागा अशी हवी की जिथे शहराचं सांडपाणी अजून मिळालेलं नाही. प्रयाग चिखलीचा परिसर त्यासाठी योग्य आहे. ही तुलनेची जागा नसेल तर खालचा कुठलाही आकडा चांगला की वाईट हे सांगता येत नाही. दुसरी जागा जयंती आणि दुधाळी नाले मिळाल्यानंतर, राजाराम बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला. तिसरी रुकडीजवळ, शहराच्या घाणीतून नदी किती सावरली ते बघायला. चौथी इचलकरंजीच्या वर, पाचवी काळा ओढा मिळाल्यानंतर तेरवाडला आणि सहावी शिरोळच्या बंधाऱ्यापाशी. सहा जागा एका गटाला झेपतात. वीस जागा ठरवून तीन महिन्यांत काम बंद पडण्यापेक्षा सहा जागांवर दोन वर्षं सलग काम झालेलं कितीतरी मोलाचं.

नाला मिळाल्यावर त्याचं पाणी लगेच नदीत मिसळत नाही, बरंच अंतर एकाच काठाला धरून वाहतं. त्यामुळे एका काठावर नमुना घेतला तर नदी गटार दिसते आणि समोरच्या काठावर घेतला तर स्वच्छ. जागा पक्की करण्याआधी पुलावरून किंवा होडीतून डाव्या काठाला, मध्ये आणि उजव्या काठाला पाण्याची विद्युतवाहकता मोजा. तिन्ही आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर आणखी खाली सरका.

बंधाऱ्यावरून कोसळणाऱ्या पाण्याच्या पायथ्याशी नमुना कधीच घेऊ नका. पडताना पाण्यात हवा मिसळते आणि विरघळलेला ऑक्सिजन खोटा वाढलेला दिसतो. बंधाऱ्याच्या वर किमान शंभर मीटरवर घ्या. काठावरून बादली बुडवूनही चालत नाही, कारण तिथे गाळ ढवळला जातो. प्रवाहाच्या मध्यभागी, पृष्ठभागाखाली साधारण ३० सेंटीमीटरवर, बाटलीचं तोंड प्रवाह येतो त्या दिशेला करून भरा. त्याच पाण्याने बाटली आधी तीनदा विसळा. अपवाद फक्त जंतुतपासणीच्या निर्जंतुक बाटलीचा. ती विसळायची नाही, काठोकाठ भरायची नाही आणि झाकणाच्या आत बोट लावायचं नाही. हातमोजे वापरा आणि काम झालं की साबणाने हात धुवा. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती, हे या नदीवर काम करणाऱ्याने विसरू नये.

जागेवरच मोजायच्या गोष्टी म्हणजे तापमान, विरघळलेला ऑक्सिजन, सामू (पीएच), वाहकता आणि पारदर्शकता. पारदर्शकतेसाठी काळ्या-पांढऱ्या रंगाची २० सेंटीमीटर व्यासाची तबकडी दोरीला बांधून सोडतात आणि ती दिसेनाशी होते ती खोली लिहितात. प्रयोगशाळेत पाठवायच्या गोष्टी म्हणजे बीओडी (घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात त्याचं माप), अमोनिया नायट्रोजन आणि विष्ठेतले कोलिफॉर्म जंतू. हे नमुने बर्फाच्या पेटीत ठेवा आणि शक्यतो सहा तासांत पोहोचवा. उन्हात गाडीच्या डिकीत राहिलेल्या बाटलीत जंतू वाढतात आणि बीओडी घटतो, म्हणजे दोन्ही आकडे उलट दिशांनी चुकतात.

सामूचं मीटर दर फेरीआधी ७.० आणि ९.२ च्या बफरमध्ये जुळवून घ्या. वाहकतेचं मीटर ०.०१ नॉर्मल पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात २५ अंशाला १४१३ मायक्रोसीमेन्स दाखवतं का ते बघा. दाखवत नसेल तर त्या दिवशीच्या नोंदी धरू नका.

वहीत प्रत्येक नोंदीशेजारी जागा, घड्याळातली वेळ, राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळी, बंधाऱ्यांत बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) आहेत की काढलेत आणि मागच्या तीन दिवसांत पाऊस झाला का, एवढं लिहाच. नदी सतत बदलत असते, त्यामुळे या पाच गोष्टी नसलेला आकडा पुढच्या वर्षी तुम्हालाच वाचता येणार नाही. दर महिन्याला जमलं नाही तरी चार वेळा चुकवू नका : बरगे घातल्यानंतर ऑक्टोबरअखेरीस, कारखाने जोरात असताना जानेवारीत, पाणी सर्वांत कमी असताना मेमध्ये आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात.

प्रश्न : सरकारी अहवालात आमच्या घाटावरचा ऑक्सिजन लिटरला साडेसहा मिलिग्रॅम दाखवला आहे. प्रत्यक्षात पाण्याला वास येतो आणि पहाटे मासे तोंड वर काढतात. अहवाल खोटा समजायचा का? (इचलकरंजी)

उत्तर : खोटा असेलच असं नाही. नमुना कधी घेतला ते आधी विचारा. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ वाढलेल्या संथ पाण्यात ऑक्सिजन दिवसभर वरखाली होतो. उजेडात शेवाळ ऑक्सिजन तयार करतं, दुपारी दोन-तीनच्या सुमाराला तो शिगेला पोहोचतो. रात्री तेच शेवाळ, जिवाणू आणि तळाचा गाळ मिळून तो वापरतात. सर्वांत कमी आकडा सूर्योदयाच्या थोडा आधी येतो. सरकारी नमुने कचेरीच्या वेळेत, म्हणजे सकाळी अकरा ते दुपारी चारच्या दरम्यान घेतलेले असतील, तर रात्रीचं चित्र त्यांत येणारच नाही.

तुम्ही एकदा चोवीस तास बसा. दर तीन तासांनी आणि पहाटे चार ते साडेसहा दर अर्ध्या तासाने ऑक्सिजन आणि तापमान मोजा. २५ अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात समुद्रसपाटीला साधारण ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, इथल्या उंचीवर पावणेआठच्या आसपास. दुपारी ११ आणि पहाटे दीड असा फरक दिसला तर ते निरोगी नदीचं लक्षण नाही, आणि दुपारचा ११ हा आकडा तर आजाराचाच पुरावा आहे. त्याच वेळी सामूही बघा. शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खेचून घेतं, म्हणून दुपारी सामू नऊच्या जवळ जातो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत आंघोळीच्या पाण्याला ऑक्सिजन किमान ५, बीओडी जास्तीत जास्त ३ आणि मासेमारीच्या पाण्याला ऑक्सिजन किमान ४ धरला आहे. माशाला मात्र दिवसाची सरासरी उपयोगाची नसते. पहाटे दोन तास ऑक्सिजन एकच्या खाली गेला की तो मरतो.

आणखी एक. कापडाच्या रंगीत सांडपाण्याचा बीओडी कधी कधी फसवा कमी येतो. बीओडी म्हणजे २७ अंशाला तीन दिवस अंधारात ठेवलेल्या बाटलीत जिवाणूंनी वापरलेला ऑक्सिजन. पाण्यात जिवाणूंना मारणारं रसायन असेल तर ते ऑक्सिजन वापरणार कसे? म्हणून सीओडी, म्हणजे जिवाणूंऐवजी रसायनाने घाण जाळायला लागणारा ऑक्सिजन, सोबत मागा. घरगुती सांडपाण्यात सीओडी बीओडीच्या दुपटीच्या आसपास असतो. चौपट-पाचपट निघाला तर कारखान्याच्या पाण्याचा संशय घ्यायला जागा आहे, मग बीओडी कितीही सोज्वळ दिसो.

प्रश्न : शाळेच्या प्रयोगशाळेत विंकलर पद्धतीने ऑक्सिजन काढतो. दोनदा तपकिरीऐवजी पांढरा साका आला, एकदा उत्तर बारा आलं. चूक कुठे होते?

उत्तर : पांढरा साका म्हणजे बाटलीत ऑक्सिजन नाही. पंचगंगेत उन्हाळ्यात तो खरोखरच शून्य असू शकतो. पण आधी रसायनं तपासा. नळाचं पाणी अर्ध्या भरलेल्या बाटलीत जोरात हलवा, बुडबुडे निघून जाऊ द्या आणि त्यावर तीच चाचणी करा. इथेही पांढरा आला तर रसायन खराब आहे. तपकिरी आला तर नदीचा शून्य खरा.

बारा येण्याची कारणं बहुधा दोन. एक, बाटली भरताना हवा मिसळली. ३०० मिलीच्या बाटलीत नळी तळापर्यंत सोडून पाणी हळू भरा आणि बाटलीच्या दुप्पट पाणी वाहून जाऊ द्या. बूच तिरकं करून लावा म्हणजे बुडबुडा अडकत नाही. मँगनीज सल्फेट १ मिली आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड १ मिली घालताना पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवा. साका तळाशी बसू द्या, एकदा पुन्हा उलटसुलट हलवा, परत बसू द्या आणि मगच १ मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल घाला. दोन, थायोसल्फेट जुनं झालं. ०.०२५ नॉर्मलचं द्रावण हळूहळू कमजोर होतं, मग ते जास्त लागतं आणि ऑक्सिजन जास्त दिसतो. दर आठवड्याला डायक्रोमेटने त्याची ताकद तपासा.

बाटलीतलं २०१ मिली पाणी घेऊन टायट्रेशन केलं की जितके मिली थायोसल्फेट लागलं तितके मिलिग्रॅम ऑक्सिजन, वेगळा गुणाकार लागत नाही. वरचं १ मिली, रसायनांनी बाटलीतून बाहेर ढकललेल्या नमुन्याची भरपाई करतं. स्टार्च रंग फिका पिवळा झाल्यावरच घाला. निळा रंग पहिल्यांदा गेला तिथे थांबा, थोड्या वेळाने तो परत येतो त्याकडे लक्ष देऊ नका.

मँगनीज आणि अझाइड नदीकाठीच घालून ऑक्सिजन बांधून आणा, बाटली अंधारात ठेवा आणि त्याच दिवशी टायट्रेशन करा. अझाइड विषारी आहे आणि आम्ल भाजतं. ही दोन कामं शिक्षकांनी चष्मा आणि हातमोजे घालून करावीत, विद्यार्थ्यांकडे देऊ नयेत.

प्रश्न : उन्हाळ्याच्या शेवटी आमच्या बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडतो. अधिकारी म्हणतात ऑक्सिजन कमी झाला, गाव म्हणतं विषारी पाणी सोडलं. खरं काय ते ओळखता येतं का? (शिरोळ तालुका)

उत्तर : बऱ्याच वेळा येतं, पण त्यासाठी पहिल्या काही तासांत पोहोचावं लागतं. दुपारपर्यंत पाणी पुढे गेलेलं असतं आणि मासा कुजलेला असतो.

आधी काय मेलंय ते बघा. ऑक्सिजन संपला की मोठे मासे आधी जातात, लहान त्यानंतर. मरण्याआधी ते पृष्ठभागावर तोंड उघडून हवा घेताना दिसतात आणि हे बहुतेक पहाटे घडतं. मरळ, शिंगी, मागूर या जाती थेट हवेतून श्वास घेऊ शकतात, त्या तगून राहतात. चिलापीही बरंच सोसते. तेव्हा कटला-रोहू मेले आणि मरळ जिवंत, तर ऑक्सिजनचा प्रश्न असण्याची शक्यता मोठी. उलट मरळ, खेकडे, गोगलगायी असे सगळेच मेले, लहान मासे आधी गेले, भर दुपारी मेले, तडफडत वेडेवाकडे पोहताना दिसले, तर विषाचा संशय घ्या.

लगेच ऑक्सिजन, तापमान, सामू आणि वाहकता मोजा. बंधाऱ्याच्या वर आणि खाली मोजा आणि मग वर-वर जात राहा, जिथे आकडा अचानक बदलतो तिथपर्यंत. तिथे कुठला ओढा किंवा पाइप मिळतो ते बघा. सामू जास्त असेल तर अमोनियाकडे विशेष लक्ष द्या. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो आणि माशाला मारतो तो मुक्त अमोनिया. २५ अंश तापमानाला सामू ७.५ असताना एकूण अमोनियातला जेमतेम पावणेदोन टक्के मुक्त असतो, सामू ८.५ झाला की पंधरा टक्के. म्हणजे सांडपाणी तेवढंच असूनही सकाळी सोसवलेलं पाणी दुपारी मारक ठरू शकतं. मासेमारीच्या पाण्याला मुक्त अमोनियाची मर्यादा लिटरला १.२ मिलिग्रॅम आहे.

नुकताच मेलेला किंवा मरू घातलेला मासा ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून बर्फात ठेवा. कुजलेल्या माशातून काहीच कळत नाही. कीटकनाशकाच्या तपासणीसाठी पाणी काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा, प्लास्टिकच्या बाटलीत नको.

आता अधिकारी आणि गाव, दोघांनाही लागू पडणारी गोष्ट. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळ्यानंतर बरगे घातले की नदीचे तळ्यासारखे तुकडे होतात. राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ, प्रत्येकामागे सात-आठ महिने सांडपाण्यातला गाळ बसत राहतो. तो तळाशी ऑक्सिजनशिवाय कुजतो, काळा होतो. मेअखेर बरगे एकदम काढले किंवा वळवाचा जोराचा पाऊस आला की हा गाळ ढवळून वर येतो आणि पाण्यातला उरलासुरला ऑक्सिजन थोड्याच वेळात खाऊन टाकतो. शेतातून आणि नाल्यांतून पहिल्या पावसाबरोबर आलेली घाण त्यात भर घालते. अशा वेळी त्या दिवशी कुणी काही सोडलेलं नसलं तरी मासे मरतात. आणि तरीही ते मरण सांडपाण्यामुळेच असतं. ‘फक्त ऑक्सिजन कमी झाला’ असं म्हणून जबाबदारी संपत नाही.

बरगे टप्प्याटप्प्याने, काही दिवसांच्या अंतराने काढायचे, त्या वेळी वरच्या धरणातून थोडा प्रवाह चालू ठेवायचा आणि काढण्याच्या तारखा खालच्या गावांना आधी कळवायच्या, एवढं केलं तरी फरक पडतो. पाणीवापर संस्थांनी ही मागणी लेखी करावी.

प्रश्न : हेच पाणी उसाला देतो. जमिनीला धोका आहे का? (तोच वाचक)

उत्तर : सिंचनाच्या पाण्याला वाहकता २२५० मायक्रोसीमेन्सपर्यंत आणि सोडियमचं गुणोत्तर, म्हणजे एसएआर, २६ पर्यंत चालतं असं केंद्रीय मंडळाची वर्गवारी म्हणते. काळ्या चिकण जमिनीसाठी ही २६ ची मर्यादा आमच्या मते फार सैल आहे. दहाच्या वर गेलं की सावध व्हा. सोडियममुळे मातीचे कण सुटे होतात, पाणी मुरत नाही, वर पांढरा थर येतो. शिरोळ तालुक्यात क्षारपड जमीन आधीच मोठी आहे, तिथे निचऱ्याच्या चरांशिवाय असं पाणी देणं महागात पडतं. प्रयोगशाळेकडून सोडियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिलिइक्विव्हॅलंटमध्ये मागा. कॅल्शियम-मॅग्नेशियमची बेरीज निम्मी करून तिचं वर्गमूळ काढा आणि सोडियमला त्याने भागा. उसापेक्षा भाजीपाल्याची काळजी जास्त. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबीर, मेथी, काकडीला हे पाणी देऊच नका.

प्रश्न : आमच्या भागातल्या नाल्यातून रोज किती सांडपाणी नदीत जातं ते कसं काढायचं? धरणातून पाणी सोडलं की नदी साफ होते, मग तेच नियमित का करत नाहीत?

उत्तर : नाल्याचा सरळ, एकसारख्या रुंदीचा दहा मीटरचा तुकडा निवडा. रुंदी मोजा. काठीने आडव्या ओळीत पाच ठिकाणी खोली मोजून सरासरी काढा. संत्रं किंवा अर्धी भरलेली बाटली सोडून दहा मीटरला किती सेकंद लागतात ते पाच वेळा बघा. पृष्ठभागावरचं पाणी तळापेक्षा वेगाने जातं, म्हणून आलेल्या वेगाला ०.८५ ने गुणा. समजा रुंदी २ मीटर, सरासरी खोली पाव मीटर आणि दहा मीटरला २५ सेकंद. वेग सेकंदाला ०.४ मीटर, छेद अर्धा चौरस मीटर. सेकंदाला ०.१७ घनमीटर, म्हणजे १७० लिटर, म्हणजे दिवसाला सुमारे १ कोटी ४७ लाख लिटर. सांडपाणी सकाळी सात ते दहा सर्वांत जास्त आणि पहाटे तीनला सर्वांत कमी असतं, त्यामुळे एकाच मोजणीवर दिवसाचा आकडा काढू नका, निदान सहा वेळा मोजा.

पडताळणीला एक हिशेब ठेवा. माणशी १३५ लिटर पाणीपुरवठा धरला तर त्यातलं ८० टक्के, म्हणजे १०८ लिटर, सांडपाणी होतं आणि त्यासोबत माणशी रोज सुमारे २७ ग्रॅम बीओडी जातो. वर काढलेला नाला सुमारे १ लाख ३६ हजार माणसांचा झाला. वस्ती त्याहून फारच कमी असेल तर झरा, पाइपगळती किंवा कारखाना, काहीतरी त्यात मिळतंय.

आता धरणाचं. नाल्यात बीओडी १५० आणि नदीत २ आहे असं समजू. नदीला सेकंदाला १००० लिटर प्रवाह असेल तर मिसळल्यावर बीओडी साडेतेवीस होतो. पाच हजार लिटर असेल तर सातच्या जरा खाली. नाला तोच, घाण तेवढीच, अहवाल मात्र वेगळा. म्हणून प्रदूषण मंडळाचा बीओडी वाचताना त्या दिवशीचा प्रवाह माहीत हवा. राधानगरीतून पाणी सोडल्याने घाण पातळ होते आणि कृष्णेकडे जाते, कमी होत नाही. तळाचा गाळही ढवळला जातो. नदीला जिवंत ठेवण्यापुरता किमान प्रवाह बारमाही हवाच, त्याबद्दल आमचं दुमत नाही. पण प्रक्रिया केंद्राऐवजी धरण वापरणं हा उपाय नव्हे. कोल्हापुरात कसबा बावड्याला दिवसाला ७ कोटी ६० लाख आणि दुधाळीला १ कोटी ७० लाख लिटर क्षमतेची केंद्रं आहेत. विचारायचा प्रश्न हा की उपसा पंप बंद पडला किंवा वीज गेली त्या दिवसांत नाल्यावरून किती पाणी ओसंडून नदीत गेलं. पंपांच्या तासांची नोंदवही माहितीच्या अधिकारात मागा. केंद्राच्या क्षमतेपेक्षा ती वही जास्त बोलते.

प्रश्न : केंदाळ काढून काढून थकलो. औषध फवारून मारावं का?

उत्तर : नदीत नको. फवारलेलं केंदाळ जागेवरच बुडतं आणि तळाशी कुजतं, त्याखालचा ऑक्सिजन संपतो. शिवाय त्याने साठवलेलं नत्र-स्फुरद पुन्हा पाण्यात येतं आणि पुढच्या केंदाळाला खत मिळतं. उबदार, सांडपाण्याच्या संथ पाण्यात त्याचं क्षेत्र साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होतं, म्हणून अर्धी नदी साफ करून थांबलं की दोन आठवड्यांत पहिल्यासारखं.

काढायचं तर डिसेंबर-जानेवारीत, पसरण्याआधी आणि फुलण्याआधी. बी गाळात वीस वर्षंही तग धरतं. वरच्या बंधाऱ्यापासून सुरू करून खाली या. दोरीला रिकामे कॅन बांधून प्रवाहात तिरका अडथळा लावला की ते एका काठाला गोळा होतं आणि यंत्राचे तास वाचतात. काढलेला ढीग पूररेषेच्या बाहेर न्या, काठावर टाकलेला पहिल्या पुरात परत नदीत जातो. नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असल्यामुळे तीन-चार दिवस सुकवून मग वाहतूक करा, भाडं बरंच वाचतं. शेणकाला मिसळून कंपोस्ट होतं. कारखान्याच्या पाण्यातलं असेल तर आधी जड धातूंची तपासणी करून घ्या. केंदाळ खाणारे निओचेटिना जातीचे सोंडे किडे भारतात १९८० च्या दशकात सोडले गेले. स्थिर तळ्यात त्यांचा उपयोग होतो, पण दर पावसाळ्यात धुऊन निघणाऱ्या नदीत त्यांची संख्या टिकत नाही.

प्रश्न : रसायनं न वापरता नदीचा अंदाज घेता येईल का?

उत्तर : येईल, आणि आम्हाला ही पद्धत फार आवडते, कारण नमुना एका क्षणाचं सांगतो तर तळाचे जीव मागच्या काही आठवड्यांचं सांगतात. गुडघाभर पाण्यात, दगडगोट्यांच्या जागी, अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीची पिशवी प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरा आणि तिच्या वर तीन मिनिटं पायाने तळ ढवळा. मग पांढऱ्या ट्रेमध्ये ओता. चपट्या अंगाची मेफ्लायची पिल्लं किंवा स्टोनफ्लाय दिसली तर पाणी उत्तम. चतुर, टाचणी, खेकडे, शिंपले असतील तर मध्यम ते बरं. नुसत्या लाल अळ्या आणि चिखलातले लाल धाग्यासारखे किडे उरले असतील, दगडांवर राखाडी कापसासारखी बुळबुळीत वाढ असेल, तर तिथे सांडपाणी सतत येतंय.

विविधता मोजायलाही सोपी युक्ती आहे. ट्रेमधले जीव न निवडता, हाताला येतील तसे एका ओळीत मांडा. आधीच्यापेक्षा वेगळा जीव आला की नवा गट मोजा. गटांच्या संख्येला एकूण जिवांच्या संख्येने भागा. एकच्या जवळ असेल तर विविधता चांगली, शून्याच्या जवळ असेल तर एकाच जातीचं राज्य. पुरानंतर महिनाभर ही पद्धत वापरू नका, तळ धुऊन निघालेला असतो. बंधाऱ्यामागच्या गाळात आणि वरच्या खळखळत्या दगडांवर सापडणारे जीव मुळातच वेगळे असतात, त्या दोन जागांची तुलनाही करू नका.

प्रश्न : साळ नदीवर हेच करता येईल का? (मडगाव)

उत्तर : करता येईल, फक्त भरती-ओहोटी सांभाळा. बेतुलच्या मुखातून समुद्राचं पाणी आत येतं, त्यामुळे भरतीला घेतलेला नमुना नदीचा नसून समुद्राचा असू शकतो. ओहोटीच्या शेवटच्या तासात घ्या आणि क्षारता प्रत्येक वेळी लिहा. २५ अंशाच्या समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपासच ऑक्सिजन मावतो, म्हणून आकडा टक्के संपृक्ततेत, म्हणजे मावू शकतो त्याच्या किती टक्के ऑक्सिजन आहे असा, मांडा. खारं पाणी जड असल्याने तळाशी वेगळा थर असतो, वर आणि खाली दोन्हीकडे मोजा. खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या) मानशीची, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेची, दारं उघडी होती की बंद, तेही लिहा.

प्रश्न : आम्ही घेतलेला नमुना तक्रारीत पुरावा म्हणून चालतो का?

उत्तर : थेट नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने जागेवर नोटीस देऊन, कारखान्याच्या माणसासमोर नमुन्याचे दोन भाग करून, सील आणि सह्या करून घेतलेला नमुनाच कायदेशीर ठरतो. तुमच्या नोंदींचा उपयोग अधिकाऱ्याला योग्य वेळी योग्य जागी आणण्यासाठी होतो. रात्री दोन वाजता वाहकता तिपटीने वाढते हे सलग चार आठवडे दाखवलंत, तर दुपारी येऊन नमुना घेण्याला अर्थ नाही हे त्यांनाही मान्य करावं लागतं.

तक्रार लेखी द्या, पोच घ्या. सोबत जागेचा अक्षांश-रेखांश, तारीख-वेळ दिसणारे फोटो, वरच्या आणि खालच्या जागेचे आकडे आणि मीटर जुळवल्याची नोंद जोडा. कुणा कारखान्याचं नाव अंदाजाने लिहू नका. पाइप कुठून येतो ते शोधा म्हणा, शोधणं त्यांचं काम आहे. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. तिथे पर्यावरणविषयक वादाचा अर्ज कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो, नुकसानभरपाईसाठी पाच वर्षांची मुदत आहे.